आगमनकाळाचे चार रविवार आम्हाला परत द्या

प्रति,
पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

१६ नोव्हेंबरच्या उपासनेनंतर सेक्रेटरीसाहेबांनी नाताळच्या कार्यक्रमांचे पत्रक वाचून दाखवले. दुपारपर्यंत तेच पत्रक मंडळीच्या ग्रुपवर आले. ३० नोव्हेंबरला, म्हणजे नाताळाआधी वाट पाहण्याचे जे चार आठवडे आपण आगमनकाळ (ॲडव्हेंट) म्हणून पाळतो त्यांच्या पहिल्याच रविवारी, ‘भव्य ख्रिसमस महोत्सवाचे उद्घाटन’. ७ डिसेंबरला वेशभूषा स्पर्धा. १४ ला समूहनृत्य. २१ ला खाद्यजत्रा आणि लकी ड्रॉ. बुधवारच्या रात्रीच्या प्रार्थनासभा ‘अल्प उपस्थितीमुळे’ बंद. पत्रक मी पुन्हा पुन्हा वाचले. आगमनकाळ हा शब्द त्यात कुठेच नाही.

हे पत्र बंद पाकिटात घालून कमिटीकडे देता आले असते. पण निर्णय मंडळीला न विचारता झाला आणि सगळ्यांसमोर जाहीर झाला. शिवाय हे आपल्याच गावात घडते आहे असेही नाही. नगर, पुणे, सोलापूरकडचे नातेवाईक फोनवर हेच सांगतात: डिसेंबर उजाडायच्या आत नाताळ सुरू होतो आणि २५ तारखेला लोक दमलेले असतात. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी कोण, ते तुम्हाला माहीत आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, इथेच लग्न लागले, आणि कमिटीतल्या काही जणांना मी शब्बाथ शाळेत दहा आज्ञा पाठ करायला लावल्या आहेत. कोणाच्याही हेतूवर मला शंका घ्यायची नाही. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमचे हे गेले. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण प्रेमाने म्हणतो, ‘बाई, नाताळात या, बरे वाटेल.’ मीही नाताळाला येणार आहे. पण २५ डिसेंबरपर्यंत पोचायला मला ते चार आठवडे लागतात. तेवढेच तुम्ही काढून घेतले आहेत.

आपले चर्चचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. संत आंद्रियाच्या दिवसाच्या, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी ते सुरू होते. यंदा तो रविवार नेमका ३० तारखेलाच येतो. त्या दिवशी आपण येशूच्या जन्माच्या गव्हाणीपाशी नसतो. जगातल्या पुष्कळ मंडळ्या जो तीन वर्षांचा वाचनक्रम वापरतात आणि जो आपले पाळकसाहेबही आजवर वापरत आले, त्यात हे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे वर्ष आहे, आणि ते उघडते चोविसाव्या अध्यायापासून. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक मागे राहील. दोघी जात्यावर दळत असतील. चोर कोणत्या प्रहरी येणार हे घरधन्याला कळले असते तर तो जागाच राहिला असता.

शेत, जाते, घर, रात्र. आपल्या तालुक्यातल्या माणसाला हा अध्याय फोड करून सांगावा लागत नाही. सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या मराठवाड्यात आभाळ फाटले, तेव्हा ठिगळ कुठे लावायचे हे कोणालाच सुचत नव्हते. कपाशीची बोंडे झाडावर सडली. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. माझ्या धाकट्या दिरांचे नदीकाठचे रान तर खरडून गेले. पंचनाम्याच्या कागदावरही तोच शब्द आहे, ‘खरडून गेलेली जमीन’. मी जाऊबाईंबरोबर ते रान पाहून आले. बांध कुठे होता ते त्या हाताने दाखवत होत्या आणि त्यांच्या हाताखाली नुसते गोटे आणि वाळू होती. पीक गेले तर पुढच्या हंगामाला तरी पेरता येते. इथे पेरायला मातीच उरलेली नाही.

घरी आल्यावर मी जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचा बत्तिसावा अध्याय काढला. कमिटीतल्या प्रत्येकाने तो या आठवड्यात घरी वाचावा अशी माझी विनंती आहे. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याच्या अनाथोथ गावाकडची शिवारे शत्रूच्या टाचेखाली आहेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, माझे शेत विकत घे. आणि यिर्मया ते घेतो! सतरा शेकेल रुपे ताजव्यात तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घालतो, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की मोहोर केलेले खत आणि उघडे खत, दोन्ही मातीच्या मडक्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील असे देवाने सांगितले आहे.

ख्रिस्ती आशा कशी असते असे मला कोणी विचारले तर मी हा अध्याय पुढे करीन. शहर पडणार हे यिर्मयाला पक्के ठाऊक आहे. तेच तो वर्षानुवर्षे सांगत आला, म्हणून तर कैदेत बसला आहे. खोटा धीर देणारे संदेष्टे त्या काळी पुष्कळ होते, आणि राजाला तेच आवडत. यिर्मयाने तसा धीर एकदाही दिला नाही. आणि तरीही ज्या जमिनीवर परक्यांचे घोडे चरत आहेत, तिचा तो कायदेशीर कागद करून ठेवतो. पौलाने रोमकरांना लिहिताना हेच धरले आहे: जे डोळ्यांना दिसते आहे त्याची आशा कोण करील?

पत्रकातल्या चार रविवारी जे आहे तो आनंद आहे, आणि आनंदाला माझी हरकत नाही. पण ज्याच्या घराभोवतीचा वेढा अजून उठलेला नाही, त्याने हे चार आठवडे चर्चमध्ये कुठे बसायचे? खुर्च्यांच्या रांगांमध्ये की स्पर्धकांच्या पालकांमध्ये? आगमनकाळ त्याच्यासाठी होता. दिवे कमी, वेदीवर जांभळा कपडा, स्तोत्रांचा सूर धीमा. अजून काही झालेले नाही आणि आपण सगळे मिळून थांबलो आहोत, हे मंडळी उघड कबूल करत असे. ज्याच्या घरी काही झालेले नाही, त्याला त्या दिवसांत एकटे वाटत नसे.

सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, ‘बाई, आपल्या मिशनच्या जुन्या लोकांत ॲडव्हेंट नव्हताच.’ त्यात तथ्य आहे, आणि मी ते टाळणार नाही. १८३१ साली नगरला ज्यांनी काम सुरू केले ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक काँग्रिगेशनल परंपरेतले होते, आणि त्या परंपरेत चर्चचे वर्ष पाळण्याची रीत नव्हती. आगमनकाळ आपल्याकडे आला तो अँग्लिकन लोकांबरोबर. पण मग त्या दोघांचे एक घर केव्हा झाले तेही आठवा. एकीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली. पुढे किती बैठका, किती मसुदे, किती रुसवेफुगवे. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आली. कॅलेंडर काढून पाहा: तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एक्केचाळीस वर्षे वाट पाहून मिळालेली एकी त्या दिवशी साजरी झाली. तीच तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी आपण आगमनकाळ मोडीत काढणार आहोत.

आणि वाट पाहण्याबद्दल आपल्यासारख्यांना कोणी काय सांगावे? आपल्या मंडळीतली बहुतेक घराणी महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी झाली तेव्हा हिंदू सोडून बाकीचे त्यातून वगळले गेले. १९५६ साली शिखांना आत घेतले, १९९० साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून दाराबाहेर आहेत. सख्खे चुलतभाऊ, एकच आडनाव, एकच वस्ती, आणि दाखल्याच्या खिडकीपाशी वेगवेगळी उत्तरे. माझ्या वर्गातल्या मुलांचे फॉर्म भरताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. अशा लोकांच्या चर्चमध्ये ‘प्रभू, कधी?’ असे विचारण्याचा हंगामच राहू नये, हे मला सहन होत नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार वाचनांची. चारही रविवारी उपासना ‘आटोपशीर’ ठेवायची म्हणून जुन्या करारातले वाचन गाळले आहे आणि शुभवर्तमानाच्या जागी ‘नाताळ संदेश’ घातला आहे. म्हणजे नेमके काय गेले ते पाहा. ३० ला यशयाचा दुसरा अध्याय, तलवारींचे फाळ करण्याचा. ७ ला इशायाच्या बुंध्याला फुटणारा धुमारा आणि यार्देनेच्या काठी पश्चात्ताप करा म्हणून ओरडणारा योहान. २१ ला योसेफाचे स्वप्न. आणि १४ तारखेचे वाचन तर मी कोणत्याही किमतीवर जाऊ देणार नाही.

मत्तयाचा अकरावा अध्याय. तोच योहान, ज्याने गर्दीसमोर छातीठोकपणे सांगितले होते की येणारा येतो आहे, तो आता हेरोदाच्या तुरुंगात आहे. तिथून तो शिष्यांना पाठवतो आणि येशूला विचारतो: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? ज्याने प्रभूला बाप्तिस्मा दिला, त्याचा हा प्रश्न. येशू त्याला रागावत नाही, अल्पविश्वासी म्हणत नाही. तो म्हणतो, जे ऐकता आणि पाहता ते जाऊन सांगा: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, गरिबांना सुवार्ता मिळते. उलट लोकांकडे वळून योहानाची थोरवी सांगतो. आणि योहान सुटत नाही. त्याच तुरुंगात पुढे त्याचे शिर उडवले जाते.

शेकडो वर्षे या तिसऱ्या रविवाराला आनंदाचा रविवार म्हणत आले आहेत. जांभळ्याच्या जोडीला गुलाबी रंग त्याच दिवशी येतो. आणि मत्तयाच्या वर्षात आनंदाच्या रविवारी वाचायचे काय, तर कैद्याचा प्रश्न. आदिवासींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फादर स्टॅन स्वामींनी २०२० चा आगमनकाळ तळोजाच्या तुरुंगात काढला. वय त्र्याऐंशी, अंगात कंपवात. हातात पेला धरवत नव्हता, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा असा अर्ज न्यायालयात करावा लागला. २०२१ च्या जुलैमध्ये, ५ तारखेला, जामिनाची वाट पाहता पाहता मुंबईच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. ते रोमन कॅथलिक, आपण प्रॉटेस्टंट. पण योहानाचा अध्याय दोघांचाही आहे. त्या रविवारी समूहनृत्य जरूर ठेवा, दुपारी ठेवा, मी टाळ्या वाजवायला येईन. सकाळी मात्र तो अध्याय वाचला गेलाच पाहिजे.

दुसरी तक्रार रीथची, म्हणजे आगमनकाळाच्या मेणबत्त्यांच्या हिरव्या चक्राची. सायकलच्या जुन्या रिंगला सुरूच्या फांद्या बांधून महिला मंडळ दर वर्षी रीथ करत असे. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, असे करत नाताळापर्यंत जायचे. यंदा कमिटीने विजेची रीथ विकत आणली आहे. छान दिसते. पण तिच्या चारही मेणबत्त्या एकाच बटणावर आहेत. लावली की सगळ्या एकदम लागतात. एक-एक लावायची सोयच तिच्यात नाही.

ही रीथ कुठून आली ते शब्बाथ शाळेतल्या मुलांना मी दर वर्षी सांगते, ते इथेही सांगते. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाच्या पाळकांनी अनाथ आणि गरीब मुलांसाठी घर चालवले होते. मुले रोज विचारत, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या आणि आठवड्यातल्या दिवसांच्या लहान, आणि रोज एक लावायला सुरुवात केली. ज्या मुलांना आयुष्याने कशाचाच भरवसा दिला नव्हता, त्यांना दिवस मोजता यावेत, आणि मोजलेला दिवस खरोखर येतो हे कळावे, म्हणून ते चाक होते. आपल्या मुलांनाही हे कळू द्या. मोबाइलवर सगळे हवे तेव्हा मिळते. निदान चर्चमध्ये तरी दुसरी मेणबत्ती दुसऱ्या रविवारीच लागू दे.

तिसरी तक्रार, बुधवारच्या प्रार्थनासभा. अल्प उपस्थिती हे कारण दिले आहे. कोण येत होते ते कमिटीने कधी पाहिले का? ग्रामीण रुग्णालयातली एक नर्स रात्रपाळीला जाण्याआधी गणवेशातच येऊन मागच्या बाकावर बसते. ज्यांचा मुलगा तीन वर्षांपासून बेपत्ता आहे ते दोघे नवरा-बायको येतात. माझ्या जाऊबाई वस्तीवरून चालत येतात. एक म्हातारे गृहस्थ येतात, त्यांना वाचता येत नाही, पण तेरावे स्तोत्र त्यांना तोंडपाठ आहे: हे परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचा विसरणार काय? ते स्तोत्र ते म्हणतात, मग प्रत्येक जण ज्याच्यासाठी थांबला आहे त्याचे नाव मोठ्याने घेतो, आणि मग आम्ही उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतो. पेटी नाही, माईक नाही, खर्च नाही. एक ट्यूबलाइट जळते, तेवढेच बिल. माणसे थोडी असतात हे खरे, पण त्यांना जायला दुसरी जागा नाही. रविवारच्या गर्दीत त्यांना ते नाव घेता येत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते, कारण तिच्यात चर्चा करण्यासारखे काही नाही. २ डिसेंबरला नगरपरिषदेचे मतदान आहे. ३० नोव्हेंबरच्या महोत्सवाचे उद्घाटक म्हणून ज्यांचे नाव पत्रकावर छापले आहे, ते त्याच निवडणुकीतले उमेदवार आहेत. मंडपाचा आणि रोषणाईचा खर्च त्यांनी ‘सहकार्य’ म्हणून दिला आहे, असे खजिनदारांनीच सांगितले. प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करायचा नाही हे आचारसंहितेत आहे. पण आचारसंहिता नसती तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. जो राजा येणार म्हणून आपण वाट पाहायची, त्याच्या पहिल्या रविवारी फाटकावर दुसऱ्याच कोणाचा हात जोडलेला फ्लेक्स नको. हे गृहस्थ कोणत्या पक्षाचे, चांगले की वाईट, याच्याशी मला कर्तव्य नाही.

पाचवी तक्रार कॅरलची, म्हणजे घरोघरी जाऊन म्हणायच्या नाताळच्या गाण्यांची. यंदा कॅरल पार्टी नावनोंदणी केलेल्या घरीच जाणार, घरटी पाचशे रुपये आगाऊ, आणि वाड्या-वस्त्यांवर ‘वेळेअभावी’ जाणार नाही, असे पत्रकात आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला आहे. बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या ओढ्यापलीकडे पडल्या आहेत. आपली कॅरल पार्टी पूर्वी पहिल्यांदा तिथे जात असे: ढोलकी, टाळ, एक कंदील, आणि महिला मंडळाने केलेल्या करंज्यांचा डबा. पहाटे कोयता घेऊन निघणारी ती माणसे थंडीत पाचटाची शेकोटी करून ऐकत बसत. त्यात ख्रिस्ती फारसे कोणी नसे आणि कोणाला ख्रिस्ती करण्याचा प्रश्नही नसे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत कोणाकडे गेले? रानात राहून रात्री कळप राखणाऱ्यांकडे. नावनोंदणी केलेल्यांकडे गेले असते तर मेंढपाळांना ती बातमी कधी कळलीच नसती. पाचशे रुपये ज्यांना देता येत नाहीत अशी घरे आपल्या सभासदांतही आहेत, आणि यंदा ती वाढली आहेत. त्या घरांतल्या मुलांनी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शेजारच्या घरासमोरचे गाणे ऐकायचे, असे मंडळीने ठरवू नये.

तुमची बाजू मी ऐकली आहे. तरुण मुले कंटाळतात, बँड आणि पडदा असलेल्या नव्या फेलोशिपांकडे जातात, काहीतरी आकर्षक केले नाही तर दहा वर्षांनी चर्चमध्ये फक्त म्हातारे उरतील, ही काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. पण आपली तरुण मुले कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहा. अर्ध्याहून जास्त जण कशाची तरी वाट पाहत आहेत. कोणी पुण्यात खोली घेऊन एमपीएससीच्या जाहिरातीची, मग परीक्षेची, मग निकालाची, मग नियुक्तीची वाट पाहते. कोणाचे लग्न जमीन नाही म्हणून अडले आहे. कोणी शिक्षकभरतीच्या यादीत आहे. ही मुले महोत्सवात नाचतील, आणि खोलीवर परत गेल्यावर तीच रात्र पुढे असेल. त्यांना पौलाचे ते वाक्य कोणी नीट बसून समजावले आहे का, की संकटाने धीर येतो, धीराने शील घडते, शिलाने आशा येते, आणि आशा माणसाला लाजवत नाही? चार वर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाला गावात रोज लाजावे लागते. त्याच्यासाठी या ओळीत जे आहे ते कोणत्याही बँडमध्ये नाही. बुधवारची सभा त्यांच्या हाती द्या. गिटार आणू द्या. रात्री नऊला ठेवा, दहाला ठेवा. वाचने त्यांना वाचू द्या. ती मुले येतील असा माझा विश्वास आहे, आणि थोडीच आली तरी ती आपलीच आहेत.

माझ्या मागण्या या आहेत.

३० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या चारही रविवारच्या सकाळच्या उपासना आगमनकाळाच्या उपासना म्हणूनच व्हाव्यात, नेमलेल्या सर्व वाचनांसह. स्पर्धा, नृत्य, खाद्यजत्रा हे सारे दुपारी घ्या, किंवा त्याहून बरे म्हणजे २५ डिसेंबर ते ६ जानेवारीच्या दरम्यान घ्या. नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही, सुरू होतो. ते बारा दिवस आपल्याकडे रिकामेच जातात.

विजेची रीथ फाटकावर लावा. आत मेणबत्त्यांची ठेवा. रिंग माझ्या घरी आहे, सुरूच्या फांद्या महिला मंडळ आणेल.

बुधवारच्या सभा ३, १०, १७ डिसेंबरला पूर्वीसारख्या व्हाव्यात. कमिटीच्या निदान एका सभासदाने प्रत्येक सभेला यावे.

उद्घाटन रद्द करावे, उमेदवाराचे पैसे परत करावेत आणि परत केल्याची नोंद मंडळीसमोर वाचावी. मंडप कमी पडला तर पडू द्या.

कॅरलची फी काढून टाकावी. पहिली रात्र ओढ्यापलीकडच्या कोप्यांची, दुसरी वाड्या-वस्त्यांची, तिसरी ग्रामीण रुग्णालयाची. त्यानंतर शहरातली घरे, आणि कोणालाही न वगळता.

चारही रविवारचे विशेष अर्पण अतिवृष्टीत ज्यांचे रान गेले त्या घरांना द्यावे, ती आपल्या मंडळीतली असोत वा नसोत. सरकारची मदत येईल तेव्हा येईल. गाळ टाकायला एका ट्रॉलीचे पैसे मिळाले तरी एका घराला रब्बीचा कोपरा धरता येईल.

आणि हे सगळे ठरवण्यासाठी २३ नोव्हेंबरला उपासनेनंतर मंडळीची सर्वसाधारण सभा बोलवावी. तिथे माझे म्हणणे बहुमताने फेटाळले गेले तर मी ते मान्य करीन आणि ३० तारखेला नेहमीच्या बाकावर बसेन. पण तो निर्णय मंडळीचा असू द्या. आधी छापून आलेल्या पत्रकाचा नको.

पाळकसाहेब, तुम्हाला वेगळे एक सांगते. यांच्या दफनाच्या दिवशी कबरीपाशी तुम्ही म्हणालात की आपण आशाहीनांसारखा शोक करत नाही. ते थेसलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातले वचन आहे आणि त्याच्या पुढच्याच ओळींत प्रभूच्या पुन्हा येण्याविषयी लिहिले आहे. आगमनकाळ त्याच येण्याचा आहे. तुम्ही जे मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून मला सांगितले, ते येत्या चार रविवारी व्यासपीठावरून सगळ्यांना सांगा, एवढीच माझी तुमच्याकडे मागणी आहे.

सभेची वेळ ग्रुपवर कळवावी. पहिल्या रविवारचे मत्तयाचे वाचन कोणी घेतले नसेल तर माझे नाव लिहावे.

आपली ख्रिस्तभगिनी,
मंडळीची एक सभासद
१८ नोव्हेंबर २०२५